छेदातली माणसे

पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या अहवालात एक सांधा आहे. तो चटकन दिसत नाही. महाराष्ट्र आणि गोव्यातली घरे जून २०१९ ते जानेवारी २०२० या काळात पाहून झाली होती. उत्तर प्रदेश, मध्य प्रदेश, तामिळनाडू, पंजाब यांची पाळी दुसऱ्या टप्प्यात होती. तो टप्पा जानेवारी २०२० मध्ये सुरू झाला, मार्चमध्ये लॉकडाऊनने अडला आणि एप्रिल २०२१ च्या अखेरीस कसाबसा संपला. देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने हे सगळे एका अहवालात बांधले. त्यांनी दुसरे करावे तरी काय? पण महाराष्ट्राचा आकडा आणि उत्तर प्रदेशाचा आकडा शेजारी शेजारी मांडणारा अभ्यासक आता साथीआधीच्या एका प्रदेशाची साथीतल्या दुसऱ्या प्रदेशाशी तुलना करत असतो, आणि पुष्कळदा हे त्याच्या ध्यानातही नसते. जनगणनेची गत तर याहून वाईट. १ एप्रिल २०२० ला सुरू व्हायची घरयादी पुढे ढकलली गेली आणि लोकसंख्येचे सगळे हिशेब २०११ च्या पायावर अंदाजाने चालू राहिले.

दारोदार जाऊन मोजणारा माणूस असा एकाएकी घरी बसला आणि नेमक्या त्याच दिवसांत मोबाईल फोन हे आरोग्य संशोधनाचे मुख्य साधन झाले. या पुस्तकातले निबंध या योगायोगाभोवती फिरतात. आरोग्याचा कोणताही दर हा शेवटी शाळेत शिकलेला अपूर्णांकच असतो: वर आजारी पडलेले, खाली ज्यांच्यातून ते आजारी पडले ते सगळे. वरचा अंश डिजिटल साधनांनी रोज, तासातासाला भरत गेला. खालचा छेद मात्र धूसर होत गेला. कोविडच्या काळात विकसनशील देशांतल्या डिजिटल आरोग्य संशोधनाला वेग मिळाला, पैसा मिळाला, प्रतिष्ठाही मिळाली. त्या बदल्यात त्याने काय गहाण टाकले, हे मला या प्रस्तावनेत सांगायचे आहे. माझे उत्तर थोडक्यात असे, की त्याने छेद गहाण टाकला.

साथीपूर्वीचे चित्र फार उजळ होते असे नाही. आफ्रिका आणि दक्षिण आशियात मोबाईलवरच्या आरोग्य प्रकल्पांचे पीक आधीच माजले होते. देणगीदार बदलला की ॲप बदलायचे, दोन वर्षांचा प्रायोगिक प्रकल्प संपला की सर्व्हर बंद पडायचा. युगांडाच्या आरोग्य मंत्रालयाने २०१२ मध्ये वैतागून अशा नव्या प्रकल्पांवर चक्क तात्पुरती बंदी घातली होती. कोणाचा कोणाला पत्ता नव्हता. दक्षिण आफ्रिकेतले मॉमकनेक्ट हा सन्माननीय अपवाद. गरोदर स्त्रियांना संदेश पाठवणारी ही सरकारी सेवा २०१४ पासून चालू होती. मार्च २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने व्हॉट्सॲपवर माहितीसेवा सुरू केली, तेव्हा तिच्यामागे दक्षिण आफ्रिकेतल्याच प्रेकेल्ट या संस्थेचे काम होते. आधीपासून चालत असलेली, कंटाळवाणी वाटावी इतकी नेमाने चालणारी गोष्ट संकटात उपयोगी पडते. हा धागा पुढे श्रीलंकेच्या निमित्ताने पुन्हा हाती येईल.

आपल्याकडे दूरवैद्यकाची गोष्ट पाहा. २०१८ मध्ये रत्नागिरीतल्या एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने डॉक्टरांना अटकपूर्व जामीन नाकारला. रुग्ण प्रत्यक्ष न तपासता फोनवरून उपचार सांगितल्याचा मुद्दा त्यात होता. त्यानंतर ‘डॉक्टर, एवढं फोनवर सांगा ना’ म्हटले, की दवाखान्यात या असे उत्तर मिळू लागले, आणि डॉक्टरांचे तरी काय चुकले? नियमच स्पष्ट नव्हते. ते झाले २५ मार्च २०२० ला, म्हणजे लॉकडाऊनच्या पहिल्याच दिवशी. वर्षानुवर्षे रेंगाळलेली मार्गदर्शक तत्त्वे एका दिवसात जाहीर झाली. १३ एप्रिलला ई-संजीवनीची थेट रुग्णांसाठीची ओपीडी सुरू झाली आणि फेब्रुवारी २०२३ पर्यंत या सेवेवरच्या सल्ल्यांची संख्या १० कोटींवर गेली.

सेवा म्हणून ही झेप मोठीच. संशोधक म्हणून मात्र हात चोळत बसायची वेळ आली. फोनवरचा सल्ला प्रत्यक्ष तपासणीइतका चांगला आहे का, हे ठरवायला दोन गट लागतात, आणि साथीत प्रत्यक्ष तपासणीचा गटच उरला नव्हता. सगळे रुग्ण एकाच बाजूला. १० कोटी सल्ले झाले हे आपल्याला ठाऊक आहे. त्यातल्या किती जणांना बरे वाटले, कितींना दोन दिवसांनी एसटीने तालुक्याला जावेच लागले, हे त्या १० कोटींच्या आकड्यातून कळत नाही.

असे असूनही घाईत चांगले संशोधन होऊ शकते, याचा एक सुंदर दाखला पश्चिम बंगालमध्ये घडला. मे २०२० मध्ये तिथल्या सुमारे अडीच कोटी लोकांच्या मोबाईलवर एक दुवा गेला. उघडला, की अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जी बंगालीत बोलायचे, जेमतेम अडीच मिनिटे. लक्षणे दिसली तर आरोग्य सेविकेला सांगा, हात धुवा, अंतर ठेवा, आजाऱ्याला वाळीत टाकू नका. काही भागांतल्या लोकांना ही चित्रफीत, तर काहींना सरकारी माहितीचा दुवा, अशी वाटणी चिठ्ठ्या टाकाव्यात तशी केली होती. चित्रफीत गेलेल्या भागांत आरोग्य सेविकांकडे लक्षणे कळवण्याचे प्रमाण जवळपास दुप्पट झाले. खरी गंमत पुढे आहे. ज्यांच्या फोनवर काहीच आले नव्हते अशा शेजाऱ्यांच्या वागण्यातही तितकाच फरक दिसला. म्हणजे संदेश फोनवर आला, पण पसरला ओट्यावरून आणि नळावरून. प्रयोग आखणाऱ्यांनी संदेश न मिळालेल्यांनाही विचारले म्हणून हे उमगले. एरवी ते कागदावर आलेच नसते.

पण ज्यांच्याकडे फोनच नव्हता त्यांना बहुतेक ठिकाणी विचारलेच गेले नाही. २०२० आणि २०२१ मध्ये फोनवरून केलेल्या पाहण्यांचा पूर आला. कोणी उपासमारीबद्दल विचारत होते, कोणी लसीबद्दल, कोणी मानसिक आरोग्याबद्दल. प्रश्न महत्त्वाचेच होते. पण फोन उचलतो कोण? पाचव्या कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार स्वतः वापरता येईल असा मोबाईल देशातल्या ५४ टक्के स्त्रियांकडे होता. इंटरनेट कधी तरी वापरल्याचे ३३ टक्के स्त्रियांनी सांगितले, पुरुषांत हेच प्रमाण ५७ टक्के होते. पैसेवारी काढताना गाडीतून न उतरता रस्त्याकडेचीच शेते पाहावीत, तसे हे झाले. बरे, बाई फोनवर आली तरी फोन नवऱ्याचा, स्पीकर चालू, सासू शेजारी आणि अख्खे घर एका खोलीत कोंडलेले. अशा वेळी ‘घरी मारहाण होते का’ हा प्रश्न विचारणे म्हणजे तिला धोक्यात ढकलणे. शहाण्या संशोधकांनी तो प्रश्नच गाळला. त्यामुळे ज्या काळात घरातली हिंसा मोजण्याची सर्वांत जास्त गरज होती, त्या काळाची नोंद सर्वांत विरळ राहिली. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने एप्रिल २०२० मध्ये साथीच्या काळातल्या संशोधनासाठी नैतिक मार्गदर्शन प्रसिद्ध केले. नैतिकता समितीच्या बैठका दूरस्थ घेण्याची, संमती दुरून घेण्याची सोय त्यात होती. पण शेजारी बसून ऐकणाऱ्याचे काय करायचे, याला कुठलीही समिती कागदावर पुरी पडत नाही.

आता मुंबईकडे येऊ. २ एप्रिल २०२० ला देशभरासाठी आरोग्य सेतू हे ॲप आले आणि पंधरवड्याच्या आत ५ कोटी लोकांनी ते उतरवून घेतले. ब्लूटूथवरून कोण कोणाच्या जवळ आले हे हेरायचे, अशी कल्पना. ती सिंगापूरसारख्या शहरात सुचणे स्वाभाविक आहे. चाळीत आणि झोपडपट्टीत, जिथे दोन बिऱ्हाडांमध्ये एक पत्रा असतो आणि पन्नास घरांना एक संडास, तिथे ‘जवळ येणे’ ही घटना नसून कायमची स्थिती असते. ब्लूटूथला भिंत कळत नाही आणि संडासाची रांग तर मुळीच कळत नाही. स्मार्टफोन नसलेल्यांसाठी पुढे १९२१ या क्रमांकाची मिस्ड कॉल सेवा काढली, हे खरे. पण त्या वस्त्यांत काय चालले आहे, हे कळायला शेवटी सुईच लागली. जुलै २०२० मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्था, नीती आयोग आणि मुंबई महापालिका यांनी माटुंगा, चेंबूर आणि दहिसर या भागांतल्या तीन वॉर्डांत रक्ताचे नमुने घेतले. झोपडपट्टीत ५७ टक्के लोकांच्या रक्तात प्रतिपिंडे निघाली. इमारतींत १६ टक्के. तिथल्या झोपडपट्ट्यांतल्या निम्म्याहून अधिक लोकांचा आजार डॅशबोर्डच्या पाठीमागून येऊन गेला होता.

देशाच्या पातळीवरही हेच झाले. आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पहिल्या सेरो सर्वेक्षणात, मे-जून २०२० मध्ये, प्रतिपिंडे असलेले लोक ०.७३ टक्के, चौथ्यात, जून-जुलै २०२१ मध्ये, ६७.६ टक्के. त्या सुमारास नोंदलेले रुग्ण होते ३ कोटींच्या आसपास. या दोन आकड्यांतली दरी म्हणजे कुणाची लबाडी, असे मला म्हणायचे नाही. मोजण्याचे साधन जिथपर्यंत पोचत होते तिथपर्यंतच त्याला दिसत होते, एवढेच.

कोविन या लसीकरणाच्या संकेतस्थळावरच्या नोंदींतला घोटाळा जास्त सूक्ष्म आहे आणि त्याबद्दल फारसे बोलले जात नाही. १ मे २०२१ पासून १८ ते ४४ वयाच्या लोकांना लस हवी तर आधी ऑनलाइन वेळ घ्यावी लागे. संकेतस्थळ सुरुवातीला इंग्रजीत. मराठी आणि इतर भाषा जूनमध्ये आल्या. मधल्या काळात सर्वोच्च न्यायालयाने ३१ मेच्या आदेशात या डिजिटल दरीवर बोट ठेवले होते. शहरातले चपळ तरुण बोटे तयार ठेवून बसायचे आणि आसपासच्या तालुक्यांतल्या केंद्रांवरच्या जागा पटापट भरायचे. गाडी काढून जायचे, दंड पुढे करायचा, परत. गावातले लोक केंद्राच्या दारात उभे राहून हे पाहत. अन्याय झाला तो झालाच, पण संशोधनाच्या दृष्टीने पाहा: लस टोचली गेली त्या केंद्राच्या तालुक्यात नोंदली गेली. त्या आठवड्यांत एखाद्या ग्रामीण तालुक्याच्या लसीकरणाचा आलेख झकास चढलेला दिसत असेल, तर त्यातले दंड किती तालुक्याचे आणि किती महानगराचे, हे आधी शोधावे लागते. अंश एका गावचा, छेद दुसऱ्या गावचा.

क्षयरोगाच्या बाबतीत डिजिटल नोंदीने उलट बाजूने मदत केली, हेही सांगायला हवे. निक्षय ही क्षयरुग्णांची नोंदप्रणाली २०१२ पासून चालू आहे. तिच्यात २०१९ साली सुमारे २४ लाख रुग्ण नोंदले गेले, २०२० साली १८ लाख. सहा लाख माणसे कमी. क्षयाचे जंतू लॉकडाऊनमध्ये सुटीवर गेले नव्हते. खोकणारा माणूस कोविड निघेल या धास्तीने घरात दबून राहिला, थुंकी तपासणारी यंत्रे कोविडसाठी वळवली गेली, कर्मचारीही वळवले गेले. हा खड्डा इतक्या लवकर आणि स्पष्ट दिसला, कारण मागच्या आठ वर्षांची नोंद सलग ठेवलेली होती. साथीत घाईघाईने जन्मलेल्या कुठल्याही ॲपला हे जमले नसते. त्याला मागची वर्षेच नव्हती.

कृत्रिम बुद्धिमत्तेने त्या वर्षी फार मोठी आश्वासने दिली. छातीचा एक्स-रे किंवा सीटी स्कॅन पाहून कोविड ओळखणाऱ्या प्रणालींवर शेकडो निबंध आले. केंब्रिजच्या एका गटाने २०२० मधले असे २,२०० हून अधिक निबंध गोळा केले, चाळून ६२ बारकाईने तपासले आणि २०२१ मध्ये निष्कर्ष दिला, की दवाखान्यात वापरण्याजोगा त्यांतला एकही नाही. कारणे वाचताना हसावे की रडावे कळत नाही. कित्येक निबंधांत कोविड नसलेल्यांचे म्हणून जे एक्स-रे वापरले होते, ते चीनमधल्या ग्वांगझू इथल्या एक ते पाच वर्षांच्या मुलांचे होते. कोविडचे रुग्ण मोठी माणसे. म्हणजे यंत्र शिकले काय, तर मूल कोणते आणि बाप्या कोणता! शिकवायला आपल्याकडच्या रुग्णांची चित्रे हाताशी नसली, की कुणीही जालावर जे फुकट मिळेल ते उचलतो. गरीब देशांतल्या संशोधकाची ही जुनी अडचण साथीने श्रीमंत देशांतल्या संशोधकाच्याही गळ्यात बांधली.

बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरची गोष्ट याच जातीची, फक्त जास्त घरगुती. डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाच्या डॉक्टरांनी दाखवले, की रक्तातला प्राणवायू खरोखर घटलेला असताना ऑक्सिमीटरने तो ठीक दाखवण्याची चूक कृष्णवर्णीय रुग्णांत गोऱ्यांपेक्षा जवळपास तिप्पट वेळा होते. आपल्याकडे ९५ की ९४ यावर दवाखाना की घर हे ठरत होते. सावळ्या, काळ्या बोटांच्या या देशात लाखो ऑक्सिमीटर विकले आणि वाटले गेले, आणि हा प्रश्न अमेरिकेतून आला. आपण विचारायला हवा होता.

ऑक्सिमीटरवरून ओघानेच आशा सेविका येतात. सप्टेंबर २०२० मध्ये महाराष्ट्रात ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ ही मोहीम सुरू झाली. घरोघर जायचे, ताप बघायचा, प्राणवायू बघायचा, घरातल्या प्रत्येकाचे आजार विचारायचे आणि सगळे ॲपमध्ये भरायचे. राज्यात आशा सुमारे ७० हजार. त्यांना पगार नव्हता, मुख्यतः कामागणिक मोबदला. डिजिटल आरोग्य संशोधन म्हणून जे जगापुढे मांडले जाते, त्याच्या मुळाशी पुष्कळदा ही बाई असते: दिवसभर रजिस्टरमध्ये लिहून, रेंज येईल तिथे, रात्री जेवणे उरकल्यावर, आपल्याच रिचार्जवर आकडे चढवणारी. जून २०२१ मध्ये राज्यातल्या आशा संपावर गेल्या. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देशभरच्या आशांचा गौरव केला. संप आणि गौरव यांच्यामध्ये वर्षही गेले नव्हते. शोधनिबंधांच्या पद्धतिविभागात मात्र त्यांचा उल्लेख ‘प्रशिक्षित क्षेत्रीय कार्यकर्त्यांकडून माहिती गोळा केली’ अशा कर्मणी वाक्यात येतो, आणि वाक्य संपते. कोणती उत्तरे तिने घाईत अंदाजाने भरली असतील, कोणत्या घरी तिला हाकलले गेले, कोणत्या घराचे दार साथीच्या भीतीने उघडलेच नाही, हे माहितीच्या गुणवत्तेचे प्रश्न आहेत. तिला विचारल्याशिवाय त्यांचे उत्तर मिळणार नाही.

महाराष्ट्राला हे नवे नाही. गडचिरोलीत ‘सर्च’ या संस्थेच्या आरोग्यदूतांनी घराघरांतल्या नवजात बाळांचे जन्ममृत्यू वहीत टिपले आणि त्यातून १९९९ मध्ये लॅन्सेटमध्ये आलेला तो गाजलेला अभ्यास उभा राहिला. पुण्याजवळ वढूला केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्राने २००२ पासून गावांची लोकसंख्या सतत मोजत ठेवली आहे. तिथे कोण जन्मले, कोण गेले, कोण कामाला परगावी गेले, हे ठाऊक असते. छेद जपणे म्हणजे हेच काम, आणि ते चकचकीत नसते.

श्रीलंकेने ते जपले होते. डीएचआयएस-२ ही ओस्लो विद्यापीठाने सांभाळलेली मुक्त आरोग्य-माहिती प्रणाली मुळात वर्णभेदोत्तर दक्षिण आफ्रिकेत, १९९० च्या दशकात रुजली. श्रीलंकेतल्या तंत्रज्ञांनी आणि डॉक्टरांनी ती वर्षानुवर्षे वापरलेली होती. जानेवारी २०२० मध्ये, देशात पहिला रुग्ण सापडण्याच्या सुमारास, त्यांनी तिच्यातच विमानतळावरून येणाऱ्यांची नोंद ठेवण्याची सोय बांधली. ती पाहून कितीतरी देशांनी उचलली आणि पुढे नॉर्वेतल्या नगरपालिकाही संपर्कशोधासाठी त्याच वाटेने गेल्या. कोलंबोहून ओस्लोला, असा उलटा प्रवास. ज्यांना ‘विकसनशील’ देश म्हटले की उसनवारीच आठवते, त्यांच्यासाठी हे उदाहरण पुढच्या प्रकरणांत विस्ताराने आले आहे.

राहिला प्रश्न माहिती कोणाच्या मालकीची याचा. २०१४ च्या इबोला साथीत पश्चिम आफ्रिकेत मोबाईल कंपन्यांकडच्या कॉलनोंदी मागून घ्याव्यात, म्हणजे माणसांचे येणेजाणे कळेल, असा आग्रह झाला. आपल्याच देशातल्या सेंटर फॉर इंटरनेट अँड सोसायटीने २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शॉन मॅकडोनाल्ड यांच्या अभ्यासात लायबेरियाची हकिकत आहे. कायदा धूसर आणि उपयोगाचा पुरावा तोकडा. साथ आली की सरकारला घरात शिरायची मुभा हवी असते आणि लोकांना दार लावायचे असते. पुण्याने हे १८९७ च्या प्लेगात भोगले आहे, आणि त्याच वर्षीचा साथरोग कायदा २०२० मध्ये पुन्हा बाहेर काढला गेला. आरोग्य सेतूची निनावी केलेली माहिती संशोधन संस्थांना देता येईल, असे मे २०२० च्या सरकारी नियमावलीत म्हटले होते. पण दुसरी लाट ऐन भरात असताना, एप्रिल २०२१ च्या अखेरीस, देशातल्या शेकडो शास्त्रज्ञांना चाचण्यांची तपशीलवार माहिती आम्हाला द्या, असे जाहीर आवाहन पंतप्रधानांना करावे लागले. तोवर अभ्यासकांपासून वर्तमानपत्रांपर्यंत सगळे ज्या आकड्यांवर विसंबून होते, ते कोविड-१९ इंडिया नावाचे संकेतस्थळ काही स्वयंसेवक राज्याराज्यांची पत्रके आणि ट्वीट वाचून हाताने चालवत होते. ऑक्टोबर २०२१ मध्ये त्यांनी ते थांबवले. ज्या माहितीसाठी नागरिकांच्या खासगीपणाला मुरड घातली, ती सरकारपाशी पडून होती, आणि जी संशोधनाला खरोखर उपयोगी पडली ती रात्री जागून टंकलेली होती. ही विसंगती मला सर्वांत जास्त टोचते.

साथ ओसरली तशा तिच्यातल्या वस्तू दुसऱ्या कामाला लागल्या. एक्स-रे वाचणाऱ्या संगणक प्रणालींचे उदाहरण बोलके आहे. मुंबईच्या क्युअर डॉट एआयने क्षयासाठी बनवलेली प्रणाली कोविडसाठी वळवली गेली होती. मार्च २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने क्षयाच्या चाळणीसाठी अशा प्रणालींना मान्यता दिली आणि त्या परत मूळ कामाकडे आल्या. ७ डिसेंबर २०२४ पासूनच्या क्षयरोगाच्या शंभर दिवसांच्या मोहिमेत हातात धरता येणारी एक्स-रे यंत्रे गावोगाव फिरली. आता घाई नाही, निर्बंध नाहीत, दोन गट करून तपासता येते. यंत्रापुढे कोण उभे राहिले याची नोंद आपोआप होते. कोण आले नाही याची नोंद हवी असेल, तर आराखड्यातच तशी तरतूद करावी लागेल, आणि गावाची घरयादी जिच्याकडे आहे त्या बाईला त्या संशोधनात सहलेखक म्हणून नाही, तरी निदान पगारावर घ्यावे लागेल.